टोपलीतले टेलिफोन

लग्न होऊन मी वाशीमजवळच्या मालेगावात आले तेव्हा त्या घरात टेलिफोन येऊन जेमतेम महिना झाला होता. नवी सून बघायला आलेल्या बाया आधी टेलिफोनकडे बघायच्या, मग माझ्याकडे. काळाभोर, जड, स्टुलावर ठेवलेला, आणि वरून कुणीतरी हौसेनं विणलेला रुमाल पांघरलेला. आमच्या सगळ्या गल्लीत तेवढा एकच. पण तो काही श्रीमंतीमुळे आलेला नव्हता. माझे मिस्टर टेलिफोन खात्यात लाईनमन होते. गावात नुकतंच लहानसं ऑटोमॅटिक एक्स्चेंज सुरू झालं होतं, फोन सगळे मिळून पंचवीस-तीस. तक्रार ऐकून घ्यायला वेगळा माणूस नव्हता. म्हणून खात्यानं लाईनमनच्याच घरी फोन बसवून दिला होता. कुणाचा फोन बंद पडला की तो शेजारच्या दुकानातून आमच्याकडे फोन करायचा.

अडचण एवढीच, की फोन घ्यायला दिवसभर घरी कुणी नसायचं. मिस्टर सायकलला शिडी बांधून तारांमागे फिरायचे. मी कामरगावची, मॅट्रिक होऊन मास्तरीण झालेली. लग्नानंतर इथल्याच प्राथमिक शाळेत बदली मिळाली होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. घरी राहायचे ते फक्त मामाजी, म्हणजे माझे सासरे.

मामाजींनी उभा जन्म कापसाच्या बाजारात मापारी म्हणून काढला होता. काटा लावायचा, वजन मोठ्यानं पुकारायचं, हे काम. आवाज अजूनही खणखणीत होता. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तेव्हा डॉक्टर म्हणायचे, पिकू द्या, मग काढू. त्यामुळे ते पिकायची वाट बघत बसले होते. दारात कुणी उभं राहिलं की उजेड अडला एवढं त्यांना कळायचं, माणूस कोण ते कळायचं नाही. आणि सासूबाई गेल्यापासून आठवणही विरत चालली होती. छप्पन साली दीक्षेसाठी नागपूरला जाताना गाडीत कोण कोणाच्या शेजारी बसलं होतं, ते सगळं सांगायचे. पण आपलं जेवण झालं की नाही, हे मला विचारायचे.

अशा माणसाच्या हातात सबंध गावाच्या टेलिफोनच्या तक्रारी पडल्या.

घंटी वाजली की मामाजी आधी उठून उभे राहायचे, धोतर सारखं करायचे, मग चाचपडत रिसीव्हर उचलायचे. निम्म्या वेळा तो उलटा धरलेला असायचा. पलीकडचा ओरडायचा, हेही ओरडायचे. बाजारात पुकारायची सवय. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. संध्याकाळी मिस्टर घरी आले की चौकशी व्हायची.

"बाबा, फोन आल्ता का कोनाचा?"

"आल्ता ना. एक आल्ता."

"कोनाचा?"

मामाजी बराच वेळ विचार करायचे आणि म्हणायचे, "मानसाचा."

मला तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळावं लागायचं. मिस्टरांना मात्र हसू यायचं नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी रस्त्यात गाठून त्यांनाच बोलायचं, की तुमच्या घरी सांगून ठेवलं होतं, तरी आला नाहीत.

मामाजींनी मग आपल्या परीनं उपाय काढला. विसरायचं नसेल तर गाठ मारावी, हे ते लहानपणापासून ऐकत आलेले. एका संध्याकाळी मिस्टर आले तर मामाजी मोठ्या समाधानानं बसलेले. त्यांनी धोतराचा सोगा पुढे केला. त्याला तीन गाठी होत्या.

"तीन फोन आल्ते," ते म्हणाले. "एकबी इसरलो नाही."

"बरं. कोनकोनाचे?"

मामाजींनी पहिली गाठ बोटांनी चाचपली. मग दुसरी. मग पुन्हा पहिली. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. गाठी होत्या, पण गाठींत काहीच नव्हतं.

मिस्टर त्या दिवशी उन्हातून दमून आले होते. ते चिडले. "बाबा, तुमी आता फोन उचलूच नका. वाजला तर वाजू द्या."

मामाजी एक एक गाठ सोडत राहिले. घट्ट मारलेल्या होत्या, लवकर सुटेनात.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी घरी आले. शाळा जवळच होती, भाकरी खायला मी घरीच यायची. गल्लीत शिरतानाच घंटी ऐकू आली. आत आले तर मामाजी फोनसमोर चटईवर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरलेले, आणि घंटी वाजतच होती.

"मामाजी, उचला ना."

"नाही बाई. त्यानं मना केलं."

मी धावत जाऊन उचलला. दवाखान्यातला कंपाउंडर बोलत होता. डॉक्टरांचा फोन सकाळपासून बंद होता आणि तो समोरच्या दुकानातून कळवत होता. मी हो हो म्हणून फोन ठेवला. शाळेची घंटा व्हायची वेळ झाली होती. कोनाड्यात इंजेक्शनची एक रिकामी बाटली पडली होती, रबरी बुचाची. तेव्हा घराघरांत अशा बाटल्या ठेवलेल्या असायच्या. का कोण जाणे, मी ती उचलली आणि मामाजींच्या मुठीत दिली.

"मामाजी, डॉक्टरचा फोन बंद आहे. हे येईपर्यंत ही बाटली हातातून सोडू नका."

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा मिस्टर माझ्याआधी पोचले होते, आणि शिडी पुन्हा सायकलला बांधत होते.

"कुठं निघालात?"

"डॉक्टरकडे. बाबांनं सांगतलं ना." त्यांच्याच आवाजात आश्चर्य होतं. "मी पायताण काढाच्या आधी सांगतलं."

मामाजी आत बसले होते. बाटली अजून मुठीत होती. दुपारभर त्यांनी ती या हातातून त्या हातात केली होती, बुचावरून अंगठा फिरवला होता. "हे हातात हाय तोवर इसरत नाही बाई," ते मला म्हणाले. "हे सोडलं का गेलं."

त्या रात्री जेवताना मिस्टरच म्हणाले, की गावात फोन आहेतच किती? प्रत्येकाची एक वस्तू करू. मग आम्ही दोघं रविवारभर तेच करत बसलो. मामाजी मधोमध बसून प्रत्येक वस्तू हातात घ्यायचे, हुंगायचे, कानाशी वाजवायचे, आणि पसंत किंवा नापसंत करायचे. दवाखान्याची बाटली ठरलेलीच होती. पीठगिरणीला तुटलेल्या पट्ट्याचा तुकडा. एस.टी. स्टँडला कंडक्टर ओढतो त्या घंटीच्या दोरीचा तुकडा, तो मिस्टरांनी ड्रायव्हरकडून मागून आणला. हायस्कूलला खडू. पोस्टाला लाखेचा गोळा. बँकेला जुना भोकाचा पैसा. जिनिंगला पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, वाळलेलं बोंड, त्याची टोकं बोटाला टोचायची. भाजीच्या अडत्याला वाळलेलं घोसाळं. पेट्रोल पंपाला एक नट. तो धुऊन घ्यावा असं मी म्हणाले तर मामाजींनी धुऊ दिला नाही. "त्याच्या वासानंच तं समजते," ते म्हणाले. किराणा दुकानाला सुंठेचा खडा. कापड दुकानाला मांजरपाटाची खरखरीत चिंधी. पोलीस ठाण्याला पितळी बटन.

एक टोपली आणि एक थाळी. सगळ्या वस्तू टोपलीत. तक्रार आली की मामाजींनी त्या माणसाची वस्तू टोपलीतून शोधून थाळीत टाकायची. थाळीत टण्ण आवाज झाला की काम पक्कं. मिस्टर आले की थाळी बघायचे आणि शिडी घेऊन निघायचे.

परत टोपलीत वस्तू कशी जायची, तो भाग मला सगळ्यात आवडायचा. लाईन दुरुस्त झाली की मिस्टर खांबावर बसल्या बसल्या जवळचा हातफोन तारेला लावायचे आणि घरी फोन करायचे.

"बाबा, मी. गिरनीचा झाला. आयकू येते का?"

"येते. चांगलं येते. जेवला का तू?"

"खांबावर हाओ बाबा."

"बरं. उतरशीन तं सांभायून उतर." आणि पट्ट्याचा तुकडा टोपलीत जायचा.

घरात बाप-लेक एकमेकांशी फारसं बोलायचे नाहीत. त्या घराची तशी रीतच नव्हती. पण तारेवर ते रोज बोलायचे. मिस्टर खांबावरून वाऱ्याचं, उन्हाचं, खाली कुणाची बैलगाडी चालली त्याचं सांगायला लागले. मामाजी ऐकत बसायचे.

नंतर मामाजींना वाटू लागलं, की नेहमी त्यानंच का फोन करावा, आपणही करावा. एक्स्चेंजच्या खोलीत मिस्टर सकाळी तासभर असायचे. नंबर दोनच आकडी. पण डायलची भोकं सगळी सारखी, बोटानं मोजता मोजता मामाजींचं चुकायचं. मिस्टरांनी पोस्टातली लाख वितळवून पहिल्या आकड्याच्या भोकाजवळ एक ठिपका आणि दुसऱ्याच्या भोकाजवळ दोन ठिपके लावून दिले. खात्याचा फोन, त्यावर असं काही करायची त्यांना मनातून भीती होती. "साहेब आला तं नखानं काढून टाकू," असं मलाच बजावून ठेवलं.

मामाजींनी दोन दिवस नुसता सराव केला. मग एका सकाळी खरा फोन लावला. मी शाळेत जायला निघाले होते, पण थांबले. त्यांनी ठिपका शोधला, डायल शेवटपर्यंत नेला, सोडला. तो कुरकुरत परत आला. मग दोन ठिपके. पलीकडे घंटी वाजली, मिस्टरांनी उचलला, "हॅलो" म्हणाले.

मामाजी गप्प.

"हॅलो? कोन बोलून राह्यलं?"

मामाजींनी रिसीव्हर माझ्याकडे वळवला आणि हळू आवाजात विचारलं, "बाई, लागला का खरंच?"

"लागला मामाजी. बोला."

"अरे, मी हाओ," ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की पलीकडे मिस्टरांनी कान बाजूला केला असणार. "मी! तुहा बाप! मीच लावला!"

"हाव बाबा. काय काम व्हतं?"

काम काहीच नव्हतं. ते मामाजींच्या ध्यानात आलं आणि त्यांनी फोन ठेवून दिला. पण त्या दिवशी अंगणातून जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हे सांगितलं.

टोपलीची गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. लोक आपापली वस्तू बघायला यायला लागले. गिरणीवाला खूश होता. हायस्कूलचे हेडमास्तर खडू बघून म्हणाले, अगदी बरोबर. कापड दुकानदार मात्र रागावले. टेरिलीनचा जमाना आला होता, त्यांच्या दुकानात काचेच्या कपाटात टेरिलीनचे तागे लावलेले, आणि इथं त्यांच्या नावावर मांजरपाट! ते स्वतः टेरिलीनचा चांगला हातभर तुकडा घेऊन आले.

"बाबाजी, हे ठेवा आमचं. मांजरपाट काढा थे."

मामाजींनी टेरिलीन बोटांत धरलं. ते सुळकन निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं.

"शेटजी, हे हातात राहून नाही राह्यलं. तुमचा फोन बंद पडला आन् हे असंच निसटलं, तं मंग कोनाले बोलान?"

दुकानदार विचारात पडले. मांजरपाट राहिलं. टेरिलीन परत न्यायला त्यांना अवघड वाटलं असावं. त्यातून मी मामाजींच्या उशीला अभ्रा शिवला.

एकदाच मोठा घोटाळा झाला. माझी नणंद शेलूबाजारला दिली होती, ती चार दिवस माहेरपणाला आली. पावसाळी हवा, तिला सर्दी झालेली. मी शाळेत. तिनं चहा टाकला, सुंठ शोधली, डब्यात मिळाली नाही. मामाजींच्या थाळीत मात्र चांगला खडा पडलेला. तिनं तो ठेचून चहात घातला आणि बापलेकींनी मिळून पिऊन टाकला.

मिस्टर आले, थाळी बघितली, रिकामी. आज काहीच काम नाही म्हणून लवकर जेवून झोपले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी किराणा दुकानदार दारात उभे.

"काहून हो, आमचा फोन काय टोपलीत नाही का?"

मामाजी टोपली चाचपू लागले, मग थाळी. सुंठ कुठेच नाही. नणंद दारामागून ऐकत होती. तिच्या लक्षात आलं तशी तिनं कपाळाला हात लावला.

"बाबा... थे सुंठ फोन व्हती का?"

"मंग काय व्हती?"

"मी तं चहात टाकली. तुमी बी पेले ना."

दुकानदारच आधी हसले. इतके हसले, की ओट्यावर बसले. "बाप्पा! माहा फोन तुमी पिऊन टाकला!" दुपारी त्यांनी पुडीभर सुंठ पाठवून दिली, एक टोपलीसाठी आणि बाकीची घरातल्या सर्दीसाठी. पुढे कितीतरी महिने आमच्याकडे कुणी चहा प्यायला बसलं, की आधी विचारायचं, यात कुणाचा फोन नाही ना?

उन्हाळ्यात एकदा संध्याकाळी जोराचं वादळ झालं. पत्रे उडाले, बाभळीच्या फांद्या रस्त्यावर आल्या. दुसऱ्या दिवशी मिस्टर उजाडताच बाहेर पडले होते, आणि माणसं आमच्या ओट्यावर जमा झाली. शेजारून फोन करावा तर शेजारचाही फोन बंद. म्हणून सगळे पायीच आलेले. उन्हाळ्याची सुट्टी होती, मी घरीच होते. जो तो टोपलीत हात घालून आपली वस्तू स्वतःच थाळीत टाकू लागला. मामाजींना हे मुळीच आवडलं नाही.

"हात काढा! मी टाकतो. नाव सांगा."

थाळी भरून गेली. मला वाटलं, आता मामाजी गोंधळणार. ते खाली बसले. थाळी जमिनीवर पालथी केली आणि एकेक वस्तू हाताला लागेल तशी ओळीनं मांडू लागले. मध्येच एखादी उचलून मागे ठेवायचे, दुसरी पुढे सरकवायचे. मला समजेना, हे काय चाललंय. मग दिसलं, की ते वाशीमचा रस्ता मांडत होते. वर्षानुवर्षं याच रस्त्यानं ते कापसाच्या बाजारात चालत गेले होते. आधी कापड दुकान, मग बँक, मग गिरणी, मग जिनिंग, मग पंप. आजचं जेवण त्यांना आठवत नसलं, तरी तो रस्ता त्यांच्या पायांत होता.

तेवढ्यात मिस्टरांचा फोन आला. ते एक्स्चेंजवर होते, कुठून सुरुवात करावी या विचारात.

"बाबा, थाईत काय काय हाय?"

"आयक," मामाजी म्हणाले. एक हात रिसीव्हरवर, दुसरा जमिनीवरच्या ओळीवर. "कापडवाला नाही आला. ब्यांक नाही आली. गिरनी हाय. जिनिंग हाय. पंप हाय. त्याच्या पुढचे सगळे हाय. म्हंजे ब्यांकेपरेंत चांगलं हाय. गिरनीच्या अलीकडे पाह्य. थे चिचेचं झाड हाय ना तिथीसा, थे पाह्य."

चिंचेची मोठी फांदी तारांवर पडून सगळ्या तारा खाली आल्या होत्या. दुपार कलायच्या आत लाईन सुरू झाली. मिस्टरांनी खांबावरून फोन केला, तेव्हा "आयकू येते का" विचारायचंही विसरले.

"बाबा," ते म्हणाले, "तुमी सांगतलं तिथीच व्हतं."

"मंग?" मामाजी म्हणाले. मग रिसीव्हर ठेवल्यावर बराच वेळ ते आपल्याशीच मान डोलावत होते.

तीन-चार वर्षांनी मोतीबिंदू अखेर पिकला. हिवाळ्यात वाशीमला डोळ्यांचं शिबीर भरलं, तिथं मिस्टरांनी त्यांना नेलं. हिरवी पट्टी बांधून मामाजी घरी आले आणि पट्टी सुटेपर्यंत लहान मुलासारखे रोज विचारत राहिले, आज काढायची का? पुढे जाड भिंगांचा चष्मा मिळाला. चष्मा लावल्यावर त्यांचे डोळे आम्हाला वाटीएवढे दिसायचे, आणि त्यांनाही सगळं मोठं मोठं दिसायचं.

चष्मा लावून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण माझा चेहरा त्यांनी कधी धड पाहिलाच नव्हता.

"तू अशी हायेस व्हय!" ते म्हणाले.

"कशी वाटले होते मी?"

"आवाजावरून म्या उच्चीपुरी समजलो व्हतो." मी जेमतेम त्यांच्या खांद्याला लागायची. मिस्टर दारात उभे होते, ते पोट धरून हसले.

मग त्यांनी घर बघितलं, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो जवळ जाऊन बघितला, हात जोडले. शेवटी टोपलीकडे वळले. वाकून आत बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. घोसाळं हातात न घेता नुसतंच बघत राहिले. खडू बघितला, लाख बघितली.

"हा काय पसारा?" ते म्हणाले. "यातली गिरनी कोनती?"

त्यांनी एवढी वर्षं त्या वस्तू बोटांनीच पाहिल्या होत्या. डोळ्यांना त्या सगळ्या परक्या. त्या दिवशी पहिला फोन आला तो पेट्रोल पंपावरच्या माणसाचा. त्याला ऑपरेशनचं कळलं होतं.

"बाबाजी, दिसून राह्यलं ना आता? मंग आमचा नट सापडन लवकर. फोन बंद हाय."

मामाजींनी टोपलीत बघितलं. एकदा बटन उचललं, ठेवलं. मग पैसा उचलला, ठेवला. वैतागून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे मिटले आणि टोपलीत हात घातला. लगेच नट बाहेर आला. नाकाशी नेऊन त्यांनी खात्री करून घेतली आणि तो थाळीत टाकला.

"सापडला," ते फोनमध्ये म्हणाले. "पोरगा येते दुपारपरेंत. तोवर बसा सावलीत."